थोरला, धाकटा आणि मालकांचा हात

दोन इंजिनांच्या विमानाबद्दल लोकांची एक भाबडी समजूत असते, की एक बंद पडलं तर दुसरं आहेच. ही समजूत विमानं विकणाऱ्यांनी पसरवली आणि विकत घेणाऱ्यांनी पोटच्या पोरासारखी जपली. खरी गोष्ट अशी, की असल्या छोट्या विमानाचं एक इंजिन ऐन उड्डाणात गेलं तर ताकद अर्धी उरते, पण वर चढायची ताकद जवळजवळ सगळीच जाते. शिवाय जे इंजिन चालू असतं, तेच विमानाला एका अंगावर ओढायला लागतं. जोडीतल्या एका बैलाने बसकण मारली की दुसरा गाडी सरळ नेत नाही, खड्ड्यात नेतो.

अशा वेळी पायलटला पायाने विमान सरळ धरायचं असतं आणि मग मेलेल्या इंजिनाची दांडी ओढायची असते, म्हणजे त्याचा पंखा वाऱ्याला आडवा येत नाही. मेलेल्या इंजिनाची. जिवंत असलेल्याची नाही. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण छोटी विमानं पडण्याच्या कारणांमध्ये हे एक मानाचं कारण आहे. एक इंजिन देव बंद करतो, दुसरं माणूस.

मी हे सगळं शाळेत शिकलेले नाही. माझं काम विमानतळावर माणसं तोलायचं. आमचा विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, एक हँगर आणि एक खोली, जिच्यात मी आणि माझा काटा. छोट्या विमानात बसणाऱ्या प्रत्येकाचं वजन घ्यावं लागतं, कारण विमानाला लाजलज्जा कळत नाही, त्याला खरा आकडा लागतो. माणसं तिकिटाचे पैसे खरे देतात आणि वजन खोटं सांगतात. बायका दागिने पर्समध्ये टाकतात आणि पर्स नवऱ्याकडे देतात. पुरुष पोट आत ओढतात, जणू काटा पोट बघूनच सांगतो. आणि विमानाचे मालक काट्यावर चढतच नसत. म्हणायचे, "माझं वजन सगळ्यांना माहीत आहे." ते दुसऱ्या अर्थाने खरंच होतं, म्हणून कोणी हसत नसे.

मालकांकडे ते एकच विमान होतं आणि ते उडवणारा एकच पायलट होता. तो माझा धाकटा भाऊ. घरात त्याला बारक्या म्हणतात, अजूनही. सहा फुटांचा झाला, टोपी घालून आभाळात जायला लागला, तरी बारक्याच. आई म्हणायची, बारक्या मोठा झाला की नाव बदलू. मग आई गेली आणि नाव तसंच राहिलं.

विमानाच्या इंजिनांनाही हँगरमधल्या मिस्त्रींनी नावं ठेवली होती. डावं ते थोरला, उजवं ते धाकटा. थोरला विमानाबरोबर आलेला, म्हातारा. सकाळी चालू करताना खोकायचा, धूर सोडायचा, तेल गाळायचा, पण एकदा तापला की दिवसभर तक्रार नाही. धाकटा नंतरचा. तो आधी कुठल्यातरी दुसऱ्या विमानावर राबून आलेला आणि मालकांच्या मेहुण्याने उघडून नव्याने बसवून दिलेला. मेहुण्याचं गॅरेज होतं. आधी ट्रकची इंजिनं करायचा. बहिणीचं लग्न झालं आणि त्याला विमानंही यायला लागली.

धाकट्याचा आवाज गोड, रंग नवा, एका कळीत चालू. मालक त्याच्या पाठीवर थाप मारायचे. खरंच मारायचे, झाकणावर, तळहाताने. आणि विमानात काहीही वाजलं, थरथरलं, तापलं की बोलायचे, "थोरल्याला बघा जरा. त्याचीच खोड असणार." ही हँगरची रीतच पडून गेली होती. कुठेही काहीही झालं की आधी थोरला उघडायचा. मिस्त्रीही उघडायचे, कारण धाकट्याला हात लावला की मेहुण्याच्या कामावर शंका घेतल्यासारखं होई. मी थोरली आहे. आमच्या घरात कप फुटला की पहिली हाक मलाच असायची, मी शाळेत असले तरी. त्यामुळे त्या इंजिनाबद्दल मला आपुलकी होती.

बारक्या एकदा मालकांना म्हणाला होता, माझ्यासमोर, काट्यापाशीच.

"साहेब, धाकटा चढताना मधेच थरथरतो. आतून काहीतरी ठोकतंय. एकदा उघडून बघायला पाहिजे."

"थोरल्याची थरथर तुला धाकट्यात जाणवत असेल. एकाच लोखंडाला दोघं बांधलेत ना."

"नाही साहेब, थोरल्याची मला पाठ आहे."

"तू विमान उडव बाबा. इंजिनांचं बघायला घरचा माणूस आहे आपल्याकडे."

घरचा माणूस. आमच्याकडे यंत्रांची देखभाल अशी चालते. मशीन नात्यावर चालतं, असा मालकांचा विश्वास होता आणि बरीच वर्षं मशीनने तो मोडला नव्हता.

आता मालकांचा हात. मालक नेहमी पुढे, पायलटच्या शेजारी, उजव्या खुर्चीवर बसत. दोन्ही खुर्च्यांच्या मधोमध दांड्या असतात, जोडीजोडीने. प्रत्येक जोडीतली डावी दांडी डाव्या इंजिनाची, उजवी उजव्याची. यात कोडं काही नाही, लहान मूलही सांगेल. विमान पळायला लागलं की मालक आपला डावा हात बारक्याच्या हातावर ठेवत आणि दोघं मिळून दांड्या पुढे ढकलत. "माझा हात लागल्याशिवाय विमान उडत नाही," हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. गिऱ्हाइकं हसत. काही जण टाळ्या वाजवत. बारक्याला ते आवडत नसे.

मी त्याला म्हणायचे, "हात काढा म्हणून सांग की."

"विमान त्यांचं आहे, ताई."

"हात तुझा आहे ना."

"तू तुझा काटा बघ."

हे आमचं बोलणं नेहमी इथेच संपायचं.

त्या दिवशी सकाळी मालक, बारक्या आणि एक गिऱ्हाईक निघाले. गिऱ्हाइकाला मी तोललं, त्याच्या बॅगा तोलल्या, मालकांच्या बॅगा मालकांनी तोलू दिल्या नाहीत. विमान पळालं, उचललं गेलं, धावपट्टीच्या टोकापलीकडे गेलं आणि आवाज बदलला. जो आवाज रोज ऐकतो तो बदलला की तो कानाला नाही, पोटाला कळतो. धाडकन काही वाजलं नाही. आधी एक आवाज गेला. मग थोड्या वेळाने दुसराही गेला. इंजिनं असलेली वस्तू आभाळात असावी आणि काहीच ऐकू येऊ नये, याच्याइतकं अभद्र दुसरं काही मी ऐकलेलं नाही.

विमान नांगरलेल्या शेतात पोटावर उतरलं. आग लागली नाही. बारक्याने ते कसं टेकवलं हे नंतर बघायला आलेल्या प्रत्येक पायलटने हाताने करून दाखवलं. गिऱ्हाइकाची कॉलरबोन मोडली. मालकांच्या डाव्या हाताला लागलं. बारक्याचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला आणि डोकं आपटलं. धावपट्टीच्या टोकाला विमान वळवून उभं केलं, इथपर्यंत त्याला आठवत होतं. त्यापुढे थेट हॉस्पिटलचं छत.

ती मधली मोकळी जागा भरायला मालक रोज येऊ लागले.

मी बारक्याच्या उशाशी असायचे. मालक फळं घेऊन येत, स्वतःच सोलत, स्वतःच खात आणि त्याला सांगत काय घडलं ते. खूप मायेने सांगत. माया एवढी की मला आंघोळ करावीशी वाटे.

"थोरल्याने दगा दिला बघ. मी म्हणतच होतो. आणि तू घाबरलास. होतं असं. तुझा हात चुकून धाकट्याच्या दांडीवर गेला. मी थांब थांब म्हणेपर्यंत ओढलीस तू."

"मी ओढली?"

"अरे, तुला कुठे आठवणार. डोक्याला मार आहे. चौकशी समिती बसेल, तिथे एवढंच सांगायचं, गडबडीत चुकीची दांडी ओढली. बस. विमा मिळेल, मी नवीन विमान घेईन. तू लायसन्सची काळजी करू नकोस, लायसन्स जाऊ दे. ऑफिसात तुझी खुर्ची पक्की. जन्मभर."

"जन्मभर," बारक्या म्हणाला. छताकडे बघून म्हणाला.

विम्याचं गणित मला नंतर मालकांच्या ऑफिसातल्याच एकाने सांगितलं. पायलट चुकला तर विमा मिळतो. पायलट नसलेल्या माणसाने उडत्या विमानात दांडीला हात लावला असेल तर मिळत नाही. म्हणजे त्या विमानात चुकण्याची परवानगी फक्त माझ्या भावाला होती.

आणि माझा भाऊ विश्वास ठेवायला लागला होता. हे सगळ्यात वाईट. पाय मोडला तर प्लास्टर घालता येतं. रोज दुपारी कोणी येऊन सांगत असेल की तू घाबरट आहेस, आणि तुझ्याकडे उलट सांगायला काहीच नसेल, तर माणूस आतून हो म्हणायला लागतो. हळूहळू त्याला आठवायलासुद्धा लागलं. "ताई, मला वाटतं मी धाकट्याची ओढली. मला दिसतंय." मी विचारलं, "काय दिसतंय?" तर त्याने मालकांचीच वाक्यं म्हणून दाखवली, मालकांच्याच क्रमाने.

मी हेडबाईंना फोन केला.

हेडबाई म्हणजे ज्यांनी बारक्याला उडायला शिकवलं त्या. निवृत्त झाल्या आहेत, पण हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. आल्या त्या दारातूनच बोलत आल्या.

"काय रे, पाय मोडून घेतलास? कुठला?"

"डावा."

"आणि उजवा?"

"उजव्याला काही नाही, बाई."

"साधा ओरखडा?"

"नाही."

त्या खुर्चीवर बसल्या आणि माझ्याकडे वळल्या. "याला मी काय शिकवलं होतं, विचार याला."

बारक्या शाळेतल्या पोरासारखा म्हणाला, "आधी पाय, मग तोंड, मग हात."

"म्हणजे?"

"एक इंजिन गेलं की आधी पायाने विमान सरळ धरायचं. मग मोठ्याने बोलायचं, कुठलं गेलं. मग हात. बोलल्याशिवाय हात हलवायचा नाही."

"आणि कुठलं गेलं हे कशावरून ओळखायचं? समोरच्या डायलच्या काट्यांवरून? आवाजावरून?"

"पायावरून. विमान मेलेल्या बाजूला वळतं, आपण उलटा पाय रोवतो. जो पाय रिकामा, त्या बाजूचं इंजिन मेलेलं."

"मग तुझा कुठला पाय रोवलेला होता, गाढवा? जमिनीवर आपटताना जो ताठ असतो तोच मोडतो. रिकामा पाय वाचतो. तुझा उजवा वाचलाय. म्हणजे उजवं इंजिन मेलं होतं आणि तुझ्या अंगाला ते माहीत होतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "थोरला का कोण तो, तो डावीकडे ना? त्याला काही झालेलंच नव्हतं."

बारक्या म्हणाला, "पाय बरोबर असेल, बाई. हात चुकला असेल."

"चुकला असेल," हेडबाई म्हणाल्या. त्या खोटा दिलासा देणाऱ्यातल्या नाहीत, शिष्यांना तर नाहीच. "चुकतो हात. भल्याभल्यांचा चुकतो. पण ते तुला कोण सांगतंय ते बघ. आणि जे आठवत नाही ते कबूल करू नकोस. पायलट जे बघतो ते बोलतो. ऐकीव बोलायला पोपट आहेत."

त्या गेल्या. बारक्या रात्रभर, नव्हे, पुढचे कित्येक दिवस उजव्या पायाची बोटं हलवून बघत बसला होता.

दुसऱ्या दिवशी मालक आले ते नर्सला सोबत घेऊनच. इथे येतोच आहे तर हाताची पट्टीही बदलून घेऊ, म्हणाले. मालक एका कामात दोन कामं करणारे. नर्सने पट्टी सोडली. मनगट काळंनिळं होतं, आणि हाताच्या पाठीवर, बोटांच्या मुळापासून मनगटापर्यंत, ओरखडे होते. खोल.

"याला ओढून बाहेर काढताना लागलं," मालक नर्सला सांगत होते. "काचा होत्या. पण मी म्हटलं, आधी माझा पायलट."

मी वाकून बघितलं. तीन ओरखडे सरळ होते, शेजारी शेजारी. चौथा त्यांच्याबरोबर निघालेला आणि मधेच वाट सोडून करंगळीकडे गेलेला.

काच एवढी शिस्तीत ओरखडत नाही. आणि हे अक्षर मी ओळखते. माझ्या डाव्या कोपराखाली ते लहानपणापासून आहे. आम्हा दोघांत मिळून एक खेळण्यातली गाडी होती, पायाने चालवायची, चाक असलेली. मी थोरली, म्हणून चाक माझ्या हातात. बारक्या मागून यायचा आणि माझा हात चाकावरून काढायला नखांनी ओरबाडायचा. त्याच्या उजव्या हाताचं एक बोट दारात सापडून वाकडं झालेलं. ते बाकीच्यांबरोबर निघतं आणि भरकटतं. तीन सरळ, एक वाकडा. हे मी उन्हाळ्यात सगळ्यांना सांगत फिरले आहे, अर्ध्या बाहीचं काही घातलं की लोक विचारतातच.

मालक गेल्यावर मी बारक्याला सांगितलं.

"ताई, ओरखड्यांवर चौकशी चालत नाही."

"मग कशावर चालते? फळांवर?"

"मला आठवत नाहीये गं."

"मग तेवढंच सांग. आठवत नाही म्हण. ती जन्मभराची खुर्ची नको घेऊस. तू खुर्चीवर मरशील बारक्या, मला बघवणार नाही."

तो काय करणार हे मला समितीच्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. त्याला तरी माहीत होतं की नाही, कोण जाणे.

समिती आमच्याच विमानतळावर, माझ्याच खोलीत बसली. खोली दुसरी नव्हतीच. काटा भिंतीला सरकवून टेबल मांडलं. समितीत एक अध्यक्ष, जे पूर्वी मोठी विमानं उडवत आणि आता लहान माणसांना उडवतात. एक इंजिनांचा जाणकार, काळ्या नखांचा. आणि एक जण जो फक्त पाणी पीत होता. मी बारक्याची चाकाची खुर्ची ढकलत आत आले तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "नातेवाइकांनी बोलायचं नाही."

"खुर्ची ढकलायची का?" मी विचारलं.

"ढकला."

सगळ्यात आधी गिऱ्हाईक बोललं. त्याला उडायची भीती वाटते, म्हणून तो विमान पळायला लागल्यापासून डोळे गच्च मिटून बसला होता, आणि आपटल्यावरच उघडले. त्याची साक्ष फार प्रामाणिक होती आणि तिचा उपयोग शून्य होता.

मग अध्यक्षांनी बारक्याला विचारलं, "मालक म्हणतात, तुम्ही चुकीची दांडी ओढल्याचं त्यांच्याजवळ मान्य केलंत."

मालक बारक्याकडे बघून मान हलवत होते, हो म्हण, हो म्हण, जसं लहान मुलाला बोबडं बोलायला शिकवतात.

"ते रोज सांगत होते," बारक्या म्हणाला. "मी रोज ऐकत होतो. मला स्वतःला काही आठवत नाही, साहेब. जे आठवत नाही ते मी मान्य करणार नाही."

मालकांची मान मधेच थांबली.

"अरे, असं काय करतोस? आपलं ठरलं होतं—" आणि मग समितीकडे वळून, "डोक्याला मार आहे."

इंजिनवाल्याने घसा साफ केला. "दोन्ही इंजिनं आम्ही उघडून बघितली. उजव्यातला एक दांडा आतल्या आत तुटून भिंत फोडून बाहेर आलाय. काम कोणी केलं होतं माहीत नाही, पण बोल्ट जसे आवळायला हवेत तसे आवळलेले नाहीत. डाव्यात काहीही दोष नाही. ते हाताने बंद केलेलं आहे. त्याच्या पंख्याची दांडी मागे ओढलेली सापडली."

"शक्य नाही," मालक म्हणाले.

"काय शक्य नाही?"

"उजवं जाणं. उजवा म्हणजे आमचा धाकटा. त्याचं काम माझ्या मेहुण्याने केलंय, घरातल्या माणसाने. गेला तो थोरला. डावा."

"डाव्याला काही झालेलं नाही, साहेब. मी उघडून बघितलंय."

"तुम्ही आज बघितलंत. मी वर्षानुवर्षं बघतोय. विमानात काही झालं की ते थोरल्याचंच असतं, कोणालाही विचारा, हँगरमध्ये विचारा." त्यांचा आवाज चढला. त्यांना पायलटची, विम्याची, कशाची पर्वा राहिली नव्हती. एका परक्या, काळ्या नखांच्या माणसाने घरच्या माणसाला नावं ठेवली होती. "मी तिथे होतो. हिसका बसला, मला तत्काळ कळलं की थोरला. आणि हा? हा नुसता बसून होता. पाय ताणून, समोर बघत. उजवं, उजवं म्हणून ओरडत होता, काहीतरीच. हात हलवायला तयार नाही. असल्या वेळी कोणीतरी काहीतरी करायला नको?"

खोलीत पाणी पिणाऱ्याने ग्लास खाली ठेवला.

अध्यक्ष फार हळू म्हणाले, "म्हणजे पायलटचा पाय रोवलेला होता. तो मोठ्याने सांगत होता, उजवं गेलं. आणि त्याचा हात हलत नव्हता."

"तेच तर म्हणतोय मी."

"मग दांडी कोणी ओढली?"

मालकांनी आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. पट्टी निघालेली होती, खपल्या पडून गुलाबी रेघा राहिल्या होत्या. त्यांनी तो हात टेबलाखाली नेला, पण मालकांचा हात एवढी वर्षं सगळ्यांना दाखवण्यासाठीच होता, लपवायची सवय त्याला नव्हती. तो पुन्हा वर आला.

मला बोलायची परवानगी नव्हती. मी बाही वर केली आणि माझा हात टेबलावर त्या हाताशेजारी ठेवला. तीन सरळ, एक वाकडा. तीन सरळ, एक वाकडा. माझे जुने, त्यांचे ताजे.

"हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

बारक्या दोन्ही हातांकडे बघत होता. पुढे वाकून त्याने आपला उजवा हात उताणा केला, वाकडं बोट बघितलं, आणि अपघातानंतर पहिल्यांदा हसला.

"माझी सही आहे ती, साहेब. कोणी माझ्या हातातलं चाक धरलं की मी करतो."

अहवाल यायला ऋतू उलटला. अहवालात कारण लिहिलं होतं, मानवी चूक. ते तर नेहमीच लिहितात, छापूनच ठेवलेलं असतं. फक्त या वेळी माणूस बदलला होता. पुढच्या खुर्चीवरच्या अनधिकृत व्यक्तीने कार्यक्षम इंजिन बंद केलं, पायलटने ते रोखायचा प्रयत्न केला, असं होतं. मेहुण्याबद्दल एवढंच, की देखभालीत सुधारणेला वाव आहे. वाव तर कशातही असतो. मालकांच्या न तोललेल्या बॅगांबद्दल काहीच नव्हतं. आणि मालकांनी आता मोटरबोटी घेतल्या आहेत. दोन इंजिनांच्या. बसवायला घरचा माणूस आहे.

थोरला हँगरच्या कोपऱ्यात ठोकळ्यांवर उभा आहे. मिस्त्रींनी तो पुसून ठेवलाय. म्हणे, चालू केलं तर आजही चालेल, खोकून.

बारक्याचा पाय जुळला. जरा आखूड जुळला, पण जुळला. लायसन्स ठेवायचं तर पुन्हा परीक्षा द्यायची होती, आणि परीक्षा घ्यायला कोण येणार हे मी न सांगताही कळेल. दुसऱ्या एका कंपनीचं विमान आलं, तसंच, दोन इंजिनांचं. बारक्या काट्यावर चढला. वजनाने बराच उतरला होता. हेडबाई चढल्या आणि म्हणाल्या, "मोठ्याने वाचू नकोस."

ते उडाले. मी दारात उभी राहिले. वर गेल्यावर आवाज बदलला, एक आवाज कमी झाला. मला माहीत होतं की हे परीक्षेतच असतं, हेडबाई मुद्दाम एक इंजिन कमी करणार. पोटाला ते माहीत नव्हतं. मी दुसरा आवाज जाण्याची वाट बघत राहिले. तो गेला नाही. विमान जरा कलंडलं, मग सरळ झालं आणि तसंच एका इंजिनावर, हट्टाने, वळसा घालून परत आलं.

आधी हेडबाई उतरल्या. डावा हात उजव्या हाताने चोळत होत्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"याचं एक इंजिन बंद केलं आणि मग मुद्दाम चालू असलेल्याच्या दांडीकडे हात नेला. बघायचं होतं." त्यांनी हात पुढे केला. पाठीवर चार बोटांचा लालभडक वळ उठला होता. "ओरखडायच्या आधीच फटका दिला मेल्याने. पास केलंय."

बारक्या पायरीवरून लंगडत उतरत होता. "सॉरी, बाई," म्हणत होता, पण तसं वाटत नव्हतं.